पाण्यावरची खोली

मल्हारनं फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "हे बघ. आता ह्याच्यावर काही बोलूच नकोस." प्रांजलनं बघितलं. निळ्या पाण्यात लाकडी खांबांवर उभी केलेली एक खोली, खोलीत पांढरा पलंग, पलंगाच्या पायथ्याला भिंत नाही, नुसती काच, ती काच सरकवली की लाकडी ओटा, आणि ओट्यावरून सरळ समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्या. वरच्या पायऱ्या कोरड्या, खालच्या पाण्याखाली, आणि पाणी इतकं नितळ की बुडालेल्या पायऱ्याही स्वच्छ दिसत होत्या. ती बघतच राहिली. तिला आवडलं असं समजून मल्हार सोफ्यावर जरा जवळ सरकला. तिच्या तळपायांना मात्र घाम फुटला होता. पलंगावरून उठायचं, काच सरकवायची, चालायला लागायचं. कठडा नव्हता. तिनं फोटो बोटांनी मोठा केला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला. कठडा कुठंच नव्हता, आणि बांधणाऱ्यांनी तो मुद्दामच ठेवला नव्हता, कारण खाली त्यांनी कौतुकानं लिहिलंही होतं की अंथरुणातून उठा आणि थेट समुद्रात.

"कशी आहे?" मल्हारनं विचारलं. "छान आहे," ती म्हणाली, "पण दुसरी बघू या ना." "दुसरी कशाला?" "अशीच. जमिनीवरची." मल्हार हसला. "जमीन काय, वडूजला बघितलीस की जन्मभर. मालदीवला जाऊन कुणी जमिनीवर राहतं होय? यशराज आणि त्याची बायको पाण्यावरच राहिली होती. परत आल्यावर दोघं कशी एकमेकांना चिकटून फिरतात बघ." यशराज म्हणजे त्याच्या गाड्यांच्या शोरूममधला मित्र. त्याच्या बायकोला झोप कशी लागते, हे विचारावंसं प्रांजलला वाटलं, पण असं कुणी कुणाला विचारत नाही.

प्रांजल झोपेत चालायची. एवढंच. सांगायला गेलं तर एका वाक्यात संपणारी गोष्ट, आणि तेच एक वाक्य तिला ह्या घरात उच्चारता येत नव्हतं. वडूजला ते आई-वडिलांना ठाऊक होतं, साताऱ्याला होस्टेलवरच्या शिवांजलीला ठाऊक होतं, आणि इथं सांगलीत, माधवनगर रस्त्याच्या कडेच्या ह्या घरात, कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान ती तसं धरून चालली होती. लग्नाला अजून महिना झाला नव्हता. बघायला आले तेव्हा मल्हारच्या माणसांनी सगळं विचारलं होतं. चष्मा आहे का, उंची किती, नोकरी करायची आहे का, कुलदैवताला वर्षाला जाता का. झोपेत चालतेस का, हे कोण विचारणार? "त्यांनी इचारलं न्हाई, आपून सांगितलं न्हाई," आई म्हणाली होती, "ह्यात खोटं काय हाय? आन् लगीन झालं की जातंय हे. बाईमाणसाचं निम्मं दुखणं लग्नानं जातंय." उरलेलं निम्मं लग्नानंच येतं, असं तेव्हा प्रांजलच्या जिभेवर आलं होतं. पण ती गप्प बसली, कारण आईचं म्हणणं खरं व्हावं असं तिलाही मनापासून वाटत होतं. आता हे कळलं तर काय होईल, ते चित्र रोज तिच्यापुढं उभं राहायचं. भावकीतली माणसं येऊन बाहेरच्या खोलीत बसतील, वडिलांना बोलावणं जाईल, वडील टोपी हातात घेऊन खाली मान घालून बसतील, आणि कुणीतरी तो शब्द काढेल. फसवलं. मग तिची बॅग भरली जाईल आणि बाप-लेक वडूजच्या गाडीत शेजारी शेजारी बसून, एकमेकांकडं न बघता, घरी जातील. आणि हे न कळता ती त्या पाण्यावरच्या खोलीत गेली, तर काय होईल ते चित्र फोनवर होतंच.

तिला स्वतःला चालण्यातलं काहीच आठवायचं नाही, हे सगळ्यात वाईट होतं. जे माहीत होतं ते सगळं दुसऱ्यांकडून ऐकलेलं. वडूजच्या बाहेर, रानात त्यांचं घर. वडिलांनी मेंढरं विकून तिथं जमीन धरली होती, आणि घरामागं एक विहीर होती, कठडा नसलेली. एकदा पहाटे वीज आली म्हणून वडील मोटर सुरू करायला गेले, तर विहिरीच्या तोंडाशी लेक उभी. डोळे उघडे, हात दोन्ही बाजूंना सरळ. झोपेत चालणाऱ्याला हाक मारली की तो दचकून जीव सोडतो, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं, म्हणून त्यांनी हाक मारली नाही. पायातली वहाण काढली, मागून आले, आणि तिची वेणी धरून तिला मागं ओढलं. तिला आठवते ती वेणीची कळ. कळ आणि अंधार आणि वडिलांचा रडण्याचा आवाज, जो तिनं त्याआधीही ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. त्या दिवसापासून आई स्वतःच्या लुगड्याचं एक टोक तिच्या घोट्याला बांधून झोपायची. आई उठली की तिलाही उठावं लागायचं. पुष्कळ वर्षं तिला वाटायचं, सगळ्याच घरांत पोरींना असं बांधतात. साताऱ्याला शिकायला गेली तेव्हा होस्टेलवर तिनं तळमजल्याची, गज असलेली खोली मागून घेतली आणि शिवांजलीला पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून टाकलं. शिवांजलीनं डोळे मोठे केले, मग आपली गादी दाराला आडवी टाकली आणि शिकत होत्या तितकी वर्षं तिथंच झोपली. बाकीच्या पोरींना सांगायची, हिला पाली दिसतात. तिच्याच ओळखीनं साताऱ्यातल्या एका डॉक्टरांकडं दोघी गेल्या होत्या. ते चांगले होते. म्हणाले, वेड वगैरे काही नाही, कित्येकांना असतं. नवी जागा, दगदग, अपुरी झोप, मनावर ताण, ह्यानं ते वाढतं, तेवढं सांभाळा. नवी जागा, दगदग, अपुरी झोप, ताण. लग्न ह्याहून वेगळं काय असतं? मधुचंद्र तर ह्या सगळ्याला एका बेटावर नेऊन ठेवतो.

आणि अजून तर तिची आणि मल्हारची एक रात्रही एका खोलीत गेली नव्हती. खंडोबाचं जागरण घातल्याशिवाय नवरा-नवरीनं एकत्र झोपायचं नाही, ही ह्या घराची रीत. लग्नानंतर लगेच जागरण व्हायचं, वाघ्या-मुरळीला सांगूनही ठेवलेलं, पण भावकीत एक म्हातारं माणूस गेलं, सुतक आलं, जागरण पुढं गेलं. मग सोयीचा वार मिळेना, आणि मालदीवही जागरण झाल्यावरच. तोपर्यंत नव्या सुनेनं सासूजवळ झोपायचं. सासूला इथं आत्या म्हणतात. धोंडुबाई आत्या कमी बोलणाऱ्या, ताठ बाई. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. आत्यांच्या खोलीत खाली दोन वाकळा अंथरल्या जायच्या आणि त्या पाठ करून झोपायच्या. प्रांजल मनात म्हणायची, देवा, तुझं जागरण आणखी थोडं लांबव. माप ओलांडून घरात आली तेव्हा बाकीच्या बायका नाव घ्यायला सांगत होत्या आणि ती मान वर करून दाराची कडी बघत होती. कुठल्याही घरात गेली की ती आधी कडी बघते. ही कडी उंचावर होती, जुनी, लोखंडी. दुसऱ्या दिवशी पहाटे, घरात कुणी उठलं नसताना, तिनं ती काढून बघितली. निघाली नाही. तिला इतकं बरं वाटलं की ती दाराला टेकून थोडा वेळ तशीच उभी राहिली. तरी रोज झोपताना ती पांघरुणाखाली ओढणीचं एक टोक घोट्याला आणि दुसरं खिडकीच्या गजाला बांधायची. पण परवा सकाळी जाग आली तेव्हा ओढणी घडी घातलेली, उशाला ठेवलेली होती. तळपायांना बारीक खडी चिकटली होती. घरात फरशी होती. खडी दाराबाहेर, रस्त्याकडं जाणाऱ्या बोळात होती. आत्या चुलीशी चहा गाळत होत्या. कुणी काहीच बोललं नाही. तिनं न्हाणीत जाऊन पाय घासून घासून धुतले.

"ही बघ दुसरी," मल्हार म्हणाला. दुसऱ्या खोलीची जमीनच काचेची होती, खालून मासे जात होते. तिसरी खोली म्हणजे एक अख्खं बेटच, इवलंसं, एका बाजूनं दुसऱ्या बाजूचं दिसावं एवढं, त्याच्यावर एकच घर. "इथं तर दुसरं कुणी माणूसच नाही. होडी सकाळी येते, जेवण ठेवते, जाते. चारी बाजूंनी पाणी. कुणी कुठं जायचं नाही, कुणी कुठून यायचं नाही." तो हे हसत म्हणाला नाही. तिनं त्याच्याकडं बघितलं. दुपारचं ऊन खिडकीतून त्याच्या गुडघ्यावर आलं होतं, दाढी आजच केलेली होती, हनुवटीपाशी छोटासा काप होता. चांगला माणूस होता. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत तो रोज फोन करायचा, गाड्यांच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा, ती पोट धरून हसायची. लग्नाच्या पंगतीत तिच्या पानातली मिरची त्यानं कुणाला न दिसता आपल्या पानात घेतली होती. पण गेले दोन दिवस त्याच्यात काहीतरी फिरलं होतं. तो तिच्याकडं बघायचा आणि तिनं बघितलं की नजर काढून घ्यायचा. आणि जितका वेळ ही खोल्यांची निवड चालली होती, तितकी त्याची प्रत्येक खोली जमिनीपासून जास्त लांब जात होती. तिला एकदम त्याची भीती वाटली. पाण्याची नव्हे, त्याची. हा माणूस आपल्याला तिथं का नेतो आहे? ज्याच्याशी आपलं लग्न झालं, तो झोपेत कसा दिसतो हेसुद्धा आपल्याला माहीत नाही. आपण झोपेत कोण असतो हे त्यालाही माहीत नाही. अशी दोन माणसं एका बेटावर.

"मला पाण्याची भीती वाटते," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. मल्हार म्हणाला, जॅकेट घालून उतरायचं, मी धरतो. ती म्हणाली, खाऱ्या वाऱ्यानं मला सर्दी होते. तो म्हणाला, तू खारा वारा कधी घेतलास? ती म्हणाली, पाण्याच्या आवाजानं झोप लागायची नाही. हे म्हणताना तिला स्वतःलाच कसंतरी झालं, कारण झोप लागली नाही तर किती बरं होईल. एक वाट होती. तिथं जितक्या रात्री राहायचं तितक्या रात्री जागायचं. परीक्षेच्या वेळी ती जागायची की. पण डॉक्टर म्हणाले होते, जागरण जितकं जास्त, तितकं पुढचं चालणं लांबचं. आणि तरीही, ह्या सगळ्याच्या तळाशी, तिला तिथं जायचं होतं. हे कुणाला खरं वाटलं नसतं. वडूजला उन्हाळ्यात टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या पोरीला, एवढं पाणी फुकट पडलेलं एकदा बघायचंच होतं. पायाला लावायचं होतं, जागेपणी, डोळे उघडे ठेवून. वडूजला कुठल्याही दिशेनं चालत सुटलं तरी जमीनच लागते, एक विहीर सोडली तर. बेटावर कुठल्याही दिशेनं चालत सुटलं की पाणीच.

"प्रांजल," मल्हारनं फोन सोफ्यावर पालथा ठेवला, "तुला खोली नको आहे की मी नको आहे?"

तिला प्रश्नच कळला नाही. स्वयंपाकघरात आत्या शेंगा फोडत होत्या, तो टपटप आवाज मध्येच थांबला.

"सरळ सांग की," मल्हारचा आवाज बारीक झाला होता. "आई म्हणाली मला. रात्री उठतेस, दारापाशी जाऊन उभी राहतेस. हाक मारली तर मान वळवत नाहीस. आणि परवा सकाळी मी उठलो तर कडी निघालेली. कुणी काढली? मी नाही काढली. कोण आहे वडूजला? साताऱ्याला कोण आहे? मी काय खाणार नाही तुला. पण मला वाटलं, एकदा सगळ्यांपासून लांब नेलं, जिथून कुठं जाताच येत नाही अशा ठिकाणी आठ दिवस माझ्याजवळ राहिलीस, तर कदाचित..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि हनुवटीवरचा काप नखानं कुरतडायला लागला. तिला दिसलं की हा माणूस घाबरला आहे. आपल्यापेक्षा जास्त नसेल, पण कमीही नाही. म्हणून ती बेटं. तो तिला बुडवायला नव्हे, राखायला पाण्यात नेत होता.

क्षणभर तिला वाटलं, राहू दे असंच. आहे कुणीतरी वडूजला, म्हणून टाकावं. रात्री जागी होऊन, शुद्धीत, आपल्या मनानं निघालेली बाई. अशा बाईला लोक शिव्या देतात, पण तिला आपण कुठं जातो आहोत हे तरी माहीत असतं. दुसऱ्या बाजूला ते एक वाक्य होतं, आणि त्या वाक्यामागं वडिलांची हातातली टोपी. मग ती बोलली ते धीर आला म्हणून नव्हे. भीती सहन होईना म्हणून बोलली. "मी झोपेत चालते," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं एका दमात सांगून टाकलं. विहीर, वेणी, आईचं लुगडं, शिवांजलीची गादी, डॉक्टर, ओढणी. "घरच्यांनी सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. तुम्हाला काय करायचं ते करा. पण वडिलांना बैठकीत बसवू नका. आणि त्या पायऱ्यांच्या खोलीत मला नेऊ नका. मी जाईन त्या पायऱ्यांवरून खाली. मला कळणारसुद्धा नाही."

मल्हार तिच्याकडं बघत राहिला. चिडला नाही, हसलाही नाही. पण त्याचा विश्वास बसला नव्हता, हे तिला त्याच्या भुवयांवरूनच कळलं. "झोपेत," तो सावकाश म्हणाला. "अगं, ती कडी मला दोन हातांनी निघत नाही. दाराला खांदा लावावा लागतो, मग वर ओढायची. आवाज गल्लीत जातो. आणि तू झोपेत काढलीस?" ह्या कडीच्याच भरवशावर ती इतके दिवस डोळे मिटत होती. जागेपणी तिला ती निघाली नव्हती, हे तर तिला पक्कं माहीत होतं. आणि मग तिच्या मनात आलं. झोपेत जी उठते, तिच्या हातात आपल्यापेक्षा जास्त जोर असला तर? तिला दार कसं उघडायचं ते कळत असलं, ओढणीची घडी घालायचं सुचत असलं, तर मग आपण कुठली खोली निवडतो ह्याला अर्थच काय? कुठलीही कडी, कुठलीही काच तिला अडवणार नाही. प्रांजलनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. ते मांडीवर होते, आणि ते आपले आहेत असं तिला वाटेना.

"कडी मी काढली."

आत्या दारात उभ्या होत्या. पदराला शेंगांची टरफलं चिकटलेली. त्या आत आल्या आणि खुर्चीत न बसता भिंतीला टेकून खालीच बसल्या. "ही दारापाशी हुबी," त्या मल्हारला म्हणाल्या, जणू प्रांजल तिथं नव्हतीच. "हाक मारली, ओ न्हाई. डोळं उघडं. दाराला हात लावून हुबी, कवाधरनं. ओढणी गजाची सुटून पायात घोळत हुती, ती सोडली, घडी घातली. म्हणलं, पोरीला जायाचं हाय. कोंडून काय करायचं माणसाला? काढली कडी. लय वरसाची कडी, मला तिची खोड म्हाईत, आवाज बी झाला न्हाई."

"आई, सुनंला दार उघडून दिलंस तू? रात्रीचं? आणि मला सांगितलंस, उभी राहते म्हणून!"

"निम्मं सांगितलं. सगळं सांगितलं असतं तर तू तिच्या मागं पळाला असतास." आत्यांनी एक टरफल पदरावरून उचललं आणि चुरगाळलं. "मला कुणी दिलं हुतं उघडून? मला ह्या घरात दिली तवा माझा बाप बकऱ्यामागं फिरतीवर. आज ह्या रानात तळ, उद्या त्या रानात. माझ्या माह्यारला पत्ताच न्हवता, पोरा. यकदा लय जीव घाबरला तवा निघाले. दिसभर चालले. कुणी म्हणलं ओढ्याच्या पल्याड बसल्यात, तिथं गेले. चुलीचं दगुड सापडलं. राख गार. तळ हलला हुता. म्हागारी आले, तर तुझ्या आजीनं दार उघडाया सकाळ केली. तवाच ठरवलं हुतं, माझ्या घरातली लेक-सून जायाला निघाली तर दार अडवायचं न्हाई. आन् परत आली तर कडी लावलेली नसावी. म्हणून सकाळपतूर लावली न्हाई."

प्रांजलनं कसंबसं विचारलं, "आत्या, मी कुठवर गेले?"

"रस्त्यापतूर. पार डांबरावर. उसाच्या ट्रॉल्या चालल्या हुत्या कारखान्याला." आत्यांनी आता पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "म्या पायरीवर बसले. मागं आले न्हाई. मागं लागलं की माणूस पळतंय."

ट्रॉल्या. प्रांजलला त्या दिसल्या, दोन-दोन जोडलेल्या, डुलत जाणाऱ्या, मागचा दिवा नसलेल्या, आणि त्यांच्या उजेडात डांबरावर एक अनवाणी बाई, जी तीच होती आणि जिला काहीच दिसत नव्हतं. तिनं सोफ्याची कड घट्ट धरली. ह्या म्हातारीनं तिला मरणाच्या दारात नेऊन सोडलं होतं, ते मायेनं. कुणाला दोष द्यावा तेही कळेना. "मग?" ती म्हणाली. "मग कुणी आणलं मला?"

"कुणी आणाय कशाला पायजे? आलीस की."

"मी?"

"मग कोण? जरा वेळ हुबी ऱ्हायलीस रस्त्याच्या कडंला. मग वळलीस. आपली आपून आलीस, सरळ, बोळातनं. माझ्या अंगावरनं उंबरा ओलांडलास आन् वाकळंवर जाऊन झोपलीस. म्हणलं, बरं झालं, मन फिरलं. आता कळतंय, मन न्हवतंच त्यात." आत्यांचा आवाज पहिल्यांदाच डळमळला. "मला म्हाईत असतं तर म्या काढली असती व्हय गं कडी?"

प्रांजल रडायला लागली. भीतीनं रडत होती, हे नक्की, तो रस्ता आता तिच्या डोळ्यांपुढून जाणार नव्हता. पण तेवढंच नव्हतं. इतकी वर्षं ती चालली की कुणी ना कुणी तिला मध्येच धरलं होतं. वेणी धरून, लुगड्यानं, गादी आडवी टाकून. सगळ्यांनी मायेनंच धरलं, आणि म्हणून ती जिवंत होती, त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. पण त्यामुळं तिच्या चालण्याचं निम्मंच कुणाला माहीत होतं. ती जाते, हे माहीत होतं. ती वळते, हे कुणी बघितलंच नव्हतं. तिनंही नाही. ती स्वतःला अशी एक बाई समजत आली होती, जी रात्री निघाली की विहिरीकडेच जाते. त्या बाईला घर कुठं आहे ते माहीत असतं, आणि तेही ह्या नव्या घराचं, जिथं तिला स्वतःला अजून मिठाचा डबा शोधावा लागत होता, हे ऐकून तिला काय करावं ते सुचेना.

मल्हारनं फोन उचलला. "रद्द करतो सगळं," तो म्हणाला. "व्हय बाबा, नगाच जाऊ कुठं," आत्या म्हणाल्या, "जागरण घालू, मग डागदरला दावू."

"नको," प्रांजल म्हणाली. आपण बोललो हे तिला नंतर कळलं. भीती काही कमी झाली नव्हती. एकदा वळली म्हणून दर वेळी वळेल, असं डॉक्टरांनी कुठं म्हटलं होतं? परवा ट्रॉलीवाल्याला डुलकी लागली असती तर? पण जायचं नाही म्हणजे उद्यापासून ह्या घरात दोन माणसं आळीपाळीनं जागणार, दाराला कुलूप, घोट्याला काहीतरी, आणि जन्मभर हे असंच. तिनं डोळे पुसले. "जाऊ या," ती म्हणाली.

"मी तिथं झोपणारच नाही," मल्हार म्हणाला. "तुझ्याकडं बघत बसेन." ह्यात त्याला काही विशेष बोलल्यासारखं वाटलं नव्हतं, आणि वडिलांना बोलवायचं, बैठक बसवायची, ह्यातलं त्याला काहीच सुचलं नव्हतं, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

"झोपाल," ती म्हणाली. "सगळे झोपतात."

"मग कसली खोली घेऊ?" त्यानं फोन तिच्यापुढं धरला. ती पाण्यावरची खोली अजून तिथंच होती. पांढरा पलंग, काच, ओटा, पायऱ्या. प्रांजलनं ह्या वेळी शेवटच्या पायरीपर्यंत बघितलं, जिथं लाकूड दिसेनासं होत होतं आणि नुसता निळा रंग उरत होता. तिथून वळायला जागा नव्हती. तिनं बोटानं तो फोटो बाजूला सारला, बेटाचा नकाशा उघडला आणि मधली, झाडांतली घरं मोठी करून बघायला लागली. तिथून समुद्र किती लांब आहे, वाटेत काय लागतं, वाट सरळ आहे का वळणाची. मल्हारही वाकून बघायला लागला. त्याचं डोकं तिच्या डोक्याला लागलं आणि त्यानं ते बाजूला घेतलं नाही.

"सांग ना," तो म्हणाला. "कसली घेऊ?"

"चालत परत येता येईल," ती म्हणाली, "अशी घ्या."